तांबड्याची भाकणूक

संक्रांतीचा तिळगूळ डब्याच्या तळाला चिकटलेला असतो, सूनबाई तो खरवडू की टाकून देऊ म्हणून विचारत असते, आणि दरवर्षी नेमका तेव्हाच माझ्या नातवाचा फोन येतो. नातू इंग्लंडात नोकरीला आहे. माझी औषधं, माझे गुडघे, इकडची थंडी हे सगळं तो भराभरा उरकतो आणि मग खरं काम काढतो. "आजी, भाकणूक सांग." तिकडं त्याच्या ऑफिसातली पोरंपोरी रग्बीच्या त्या सहा देशांच्या सामन्यांआधी पैजा लावत बसतात, कोण पहिला येणार आणि कोण तळाला जाणार म्हणून. त्यात सांगलीतल्या एका म्हातारीचं मतही मोजतात म्हणे. माझं मत ठरलेलं असतं: तांबडं. तांबडं म्हणजे वेल्स. गेली काही वर्षं तांबड्याचे दिवस इतके वाईट चाललेत की नातू म्हणतो, तुझ्यापायी माझी तिकडं चेष्टा होते. होऊ दे. चेष्टेनं माणूस मरत नाही. ज्यानं मला तांबडं शिकवलं तो मेला, पण तो चेष्टेनं नव्हे.

आम्ही धनगर. गाव माणदेशात, म्हसवडच्या वरच्या अंगाला, पण गाव म्हणजे फक्त पावसाळा. दिवाळी झाली की घराला कडी घालायची, घोड्यावर बिऱ्हाड लादायचं आणि मेंढरं घेऊन खाली कृष्णाकाठच्या बागायतीत उतरायचं. पलूसच्या आसपासच्या शेतांत आमचा वाडा पडायचा. वाडा म्हटल्यावर दगडी कमान डोळ्यांपुढं आणू नका. आमचा वाडा घोड्याच्या पाठीवर मावायचा: रोवायच्या चार मेढी, मेंढरं कोंडायचं एक जाळं, दोन घोंगडी, चुलीचे दगडसुद्धा त्या त्या शेतातले. रात्री मेंढरं शेतात बसवायची, त्यांच्या लेंड्यांनी रान खतवायचं, आणि त्याबद्दल शेतकऱ्यानं जोंधळे द्यायचे, असा व्यवहार. पहाटे जाग यायची ती जात्याच्या घरघरीनं नव्हे, कोकरांच्या ओरडण्यानं. आईनं हुलग्याचं माडगं चुलीवर ठेवलेलं असायचं. त्याला असा काही वास असतो की नव्या माणसाला वाटावं इथं घोड्याचं काहीतरी शिजतंय. मला आजही तापातून उठल्यावर तेच लागतं. सूनबाई नाक दाबून करून देते.

बिरा तात्या म्हणजे माझा धाकटा चुलता. घरातला पहिला फौजी. अंगानं इतका रुंद की फौजेत कुण्या साहेबानं त्याला बघूनच पलटणीच्या रग्बीच्या संघात घातला. तिथं त्यानं काही वर्षं धडका दिल्या, खाल्ल्या, आणि एक दिवस गुडघा असा मोडला की फौजेनं त्याला पाठीवर थाप मारून घरी पाठवलं. येताना त्यानं तीन गोष्टी आणल्या: लंगडा पाय, चामड्याच्या खोळीतला रेडिओ आणि एक लांबुळका चेंडू. चेंडू बघून मी म्हणाले होते, "तात्या, ह्यो दबलाय, दुकानदारानं फसवलं तुला." माझं वय तेव्हा न्हाण येण्याच्या आसपासचं आणि अक्कल त्याहून बरीच अलीकडची. तो दबलेला नाही, असाच असतो, हे मला पटायला बरेच दिवस गेले. तोवर मी रोज तो उन्हात ठेवून दाबून दाबून गोल करायला बघत होते.

त्या खेळाचे सामने माघ-फाल्गुनात, म्हणजे आम्ही हमखास रानात असताना. दिवस बुडून भाकरी खाऊन झाल्या की तात्या बाभळीवर तार टाकायचा, तिचं टोक रेडिओला जोडायचा आणि कान लावून बसायचा. आत कुणीतरी गोरा माणूस आग लागल्यासारखा बोलत असायचा. तात्याला त्यातलं पुष्कळ कळायचं, आम्हाला काही नाही. पण तात्या सांगायचा. तेव्हा पाचच देश होते, सहावा मागाहून आला. तात्या त्यांना त्यांच्या अंगरख्याच्या रंगानं ओळखायला शिकवायचा. इंग्लंड पांढरं, आयर्लंड हिरवं, वेल्स तांबडं. निळी दोन होती, त्यातलं गडद निळं स्कॉटलंड आणि दुसरं फ्रान्स. गडी डोकी खाली घालून एकमेकांत घुसतात आणि रेटतात, हे तो सांगत असताना मी मध्येच म्हणाले की म्हणजे दुपारची मेंढरं. उन्हाच्या वेळी मेंढरं एकमेकांच्या पोटाखाली डोकी घालून गच्च उभी राहतात, तसं. तात्या इतका हसला की त्याला खोकला आला. त्यानंतर त्याच्या तोंडी त्या रेटारेटीला 'दुपार' हाच शब्द बसला. "आता दुपार झाली," तो सांगायचा, आणि आम्ही सगळे चुलीभोवती श्वास धरून.

माझा आजा या सगळ्याकडं पाठ करून लोकर कातत बसायचा. त्याला हा खेळ म्हणजे रिकाम्या पोटाचा उद्योग वाटायचा. एकदाच त्यानं मान वळवली. तात्या सांगत होता की पळायचं पुढं, पण चेंडू हातानं फेकायचा तो मागच्याच गड्याकडं, पुढं फेकला तर गुन्हा. आजा म्हणाला, "मग आपल्यावानीच की. चालायचं म्होरं, ध्यान मागच्या मेंढराकडं." आणि परत कातायला लागला.

तांबड्यावर माझा जीव का जडला ते सांगते, हसू नका. तात्यानं एकदा सांगितलं की वेल्स हा डोंगराळ मुलूख आहे आणि तिथं माणसांपेक्षा मेंढरं जास्त. झालं. मी ठरवून टाकलं की ते धनगर आहेत. आपलीच भावकी, कधीकाळी चारा शोधत लांब गेलेली. पलूसच्या ओढ्यावर धुणं धुताना मी एका बागायतदाराच्या सुनेला ठासून सांगितलं होतं की इंग्लंडाशेजारी आमचे पाहुणे राहतात. तिनं विचारलं, येणंजाणं आहे का. मी म्हणाले, सध्या नाही.

सामने सुरू व्हायच्या आधी आमच्या वाड्यावरही अंदाज बांधले जायचे, आणि ते बांधण्याची तऱ्हा तात्याची. पाच मेंढे निवडायचे, त्यांच्या कपाळाला पाच रंग लावायचे. तांबड्याला गेरू, हिरव्याला पाल्याचा रस, पांढऱ्याला चुना आणि दोन्ही निळ्यांना धुण्याची नीळ, एकाला घट्ट आणि एकाला पातळ. मग मेंढे सोडायचे. जो पाण्यावर पहिला पोचेल त्याचा देश जिंकणार. दरवर्षी तांबडा पहिला यायचा. आई, बा, शेजारच्या वाड्यावरचे गडी सगळे चकित व्हायचे. मी पाण्याच्या कडेला उभी असायचे आणि माझ्या मुठीत मीठ असायचं. त्या मेंढ्याला मी आठ-पंधरा दिवस आधीपासून हातानं मीठ चाटवून सवय लावलेली असायची. मिठाच्या जोरावर भविष्य सांगणारी मुलखातली पहिली बाई मीच. मला वाटायचं, कुणालाच कळलेलं नाही.

घरात खरी भाकणूक सांगणारा मात्र आजा होता. दसऱ्याला बिरोबाच्या जत्रेत तो घोंगड्यावर बसायचा, कपाळभर भंडारा, हातात वेताची काठी, आणि मुलखाचं वर्ष सांगायचा: पाऊस कुठल्या नक्षत्राचा लागंल, जोंधळा चढंल का उतरंल, मेंढराला रोग हाय का. चार गावची माणसं कान टवकारून ऐकायची. त्याचा एक नेम होता आणि तो त्यानं आयुष्यात मोडला नव्हता. भाकणूक मुलखाची. एकट्या माणसाची नाही. माणसाचं नाव घेतलं की देव उठून जातो, असं तो म्हणायचा. माझ्या पाठचा भाऊ तापानं फणफणला होता तेव्हा आईनं त्याच्या पायावर डोकं ठेवलं होतं, पोर राहील का तेवढंच सांगा म्हणून. आजानं पाय ओढून घेतले होते. भाऊ राहिला नाही. आई त्यानंतर सासऱ्याला भाकरी वाढायची, पण त्याच्या तोंडाकडं न बघता.

त्या वर्षी तात्याचा खोकला हसण्यानं येणं थांबलं. तो आपला आपण यायला लागला. दिवाळीला गाव सोडलं तेव्हा तो मेंढरांमागं चालत होता. अर्ध्या वाटेवर पोचेपर्यंत घोड्यावर बसायला लागला, आणि घोड्यावरचं सामान आमच्या डोक्यावर आलं. पलूसला वाडा पडल्यावर बा त्याला सांगलीला मोठ्या दवाखान्यात घेऊन गेला. परत आले ते संध्याकाळी. डॉक्टर काय म्हणाले असं आईनं विचारलं, तर बानं सांगितलं की त्याला आवडंल ते खायला घाला म्हणालेत. मला फार आनंद झाला. आवडेल ते खायला घाला म्हणजे बरा होणार, अशी माझी समजूत. मी पळत जाऊन मेंढीच्या दुधाची खीर शिजवायला बसले आणि आईला हाका मारत राहिले, गूळ कुठंय, गूळ कुठंय. आई मेंढरांच्या जाळ्याआड तोंडात पदर कोंबून उभी होती. मला वाटलं, धूर लागला असेल.

मेंढे सोडायचा दिवस आला तेव्हा तात्या घोंगड्यावर पडून होता. मी पाच कपाळं रंगवली आणि मिठाची मूठ घेऊन पाण्याकडं निघाले. तात्यानं मला हाक मारली, जवळ बसवलं, माझी मूठ हातात घेऊन हळूच उघडली. मीठ घामानं ओलं झालं होतं.

"हिरे," तो म्हणाला, "यंदा मिठाशिवाय सांग."

त्याला पहिल्यापासून ठाऊक होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि मग मला दिसलं की तो चेष्टा करत नाही. मी तोंड उघडलं. तांबडं म्हणायला काय लागत होतं? रोज शंभरदा म्हणायचे. पण त्या दिवशी जीभच उचलेना. तात्यानं माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "जाऊ दे. आजाला बोलीव."

आजा आला, पण बसला नाही. तात्या म्हणाला की आबा, भाकणूक सांगा, पाची देशांची. शेवटच्या सामन्याला तांबडं आणि पांढरं समोरासमोर हायत. फाल्गुनात. कोण जिकंल? आजा काठीवर भार देऊन नुसता बघत राहिला. त्याला तो खेळ कळत नव्हता, पण लेक काय विचारतोय ते कळत होतं. आम्हा सगळ्यांनाच कळलं, मलासुद्धा. फाल्गुन अजून लांब होता.

"ही देवाची जागा न्हाई, बिरा," आजा म्हणाला. "दसरा न्हाई. आन मला त्यातलं कळत न्हाई."

"पावसातलं तरी कुठं कळतंय, आबा. तरी सांगताच की."

ही असली उत्तरं आमच्या घरात फक्त तात्याच देऊ शकायचा. आजा वळला आणि निघून गेला. आम्हाला वाटलं, रागावला. थोड्या वेळानं तो ओढ्यावरून अंग धुऊन आला, ओल्या धोतरानं, कपाळाला भंडारा लावलेला. लेकाच्या उशाला दुसरं घोंगडं अंथरलं आणि त्यावर जत्रेत बसायचा तसा ताठ बसला. भर दुपार होती. मेंढरं बाभळीखाली एकमेकांत डोकी घालून उभी होती. आई चुलीपाशी भाकरी थापत होती. आजानं डोळे मिटले. आधी पावसाचं सांगितलं, मग जोंधळ्याचं, नेमातलं काही चुकवलं नाही. मग त्याचा आवाज खाली गेला.

"तांबडं उठंल. पांढरं बसंल. बिरा आयकंल."

देवाच्या गादीवर बसून त्यानं माणसाचं नाव घेतलं होतं. तव्यावरची भाकरी करपून काळी झाली, आणि आमच्या घरात कधी भाकरी करपत नसे. आईनं ती उतरवली नाही. ती पहिल्यांदाच सासऱ्याच्या तोंडाकडं बघत होती. मला वाटलं, आता ती बोलणार, माझ्या लेकराला नाव नव्हतं का म्हणून. ती उठली, तांब्याभर पाणी आजापुढं ठेवलं आणि परत चुलीपाशी गेली. माणसं एकमेकांना माफ करतात की नुसती दमतात, हे मला अजून नीट कळलेलं नाही.

तात्या त्या दिवशी खीर सगळी प्यायला.

मग सामने सुरू झाले आणि आमचं वाड्याचं घड्याळच बदललं. शेतकऱ्याला रान नांगरायचं होतं. बानं गावकऱ्यांच्या हातापाया पडून तिथंच ओढ्याकडेच्या गायरानात मुक्काम धरला. तात्याला घोड्यावर घालायची सोय उरली नव्हती. रेडिओचे सेल उतरत चालले होते. तेव्हा सेल उतरले की ते उन्हात ठेवायचे, थोडी धुगधुगी परत यायची. ते काम माझं. सकाळी सपाट दगडावर सेल मांडायचे आणि कोकरांनी चाटू नयेत म्हणून राखण करायची. संध्याकाळी ते कोमट सेल तात्या आधी गालाला लावून बघायचा, मग रेडिओत घालायचा. तांबडं त्या वर्षी कधी उठलं, कधी पडलं. तात्या आता सांगायचा कमी आणि ऐकायचा जास्त. एकदा रेडिओतून माणसांचं गाणं यायला लागलं, हजारो गळ्यांचं, आमच्या ओव्यांसारखं चढत चढत जाणारं. मी विचारलं, हे काय. तो म्हणाला, "तांबडी माणसं हायत. जिकायला लागली की गात्यात." आजा कातायचा थांबून ते गाणं संपेपर्यंत ऐकत होता.

शेवटच्या सामन्याचा शनिवार जवळ आला. पलूसच्या बाजारातून बानं मोसंबी आणली होती, तात्यानं एक फोड चोखली आणि बाकीची मला दिली. मला म्हणाला, "सेल उन्हात ठिव. शनवारला लागत्याल." मी ठेवून आले तर तो झोपला होता. मी शेजारी बसून त्याची मोसंबी खात होते. आईनं येऊन बघितलं आणि माझ्या हातातली फोड काढून घेतली.

ओढ्याच्या वरच्या अंगाला गायरानातच तात्याला माती दिली. शनिवार उजाडायचा होता. शेजारच्या वाड्यावरची माणसं येऊन बसली, उठली. त्यांतल्या एकानं दबक्या आवाजात म्हटलं की नाव घ्यायला नको होतं, देव उठून गेला. आजानं ते ऐकलं. त्याची काठी त्यानं जाळ्याला टेकवून ठेवली होती, तिला तो हात लावत नव्हता.

शनिवारी भाकरी झाल्या, कुणी खाल्ल्या नाहीत. सुतकात रेडिओ कोण लावणार? तो चामड्याच्या खोळीत मेढीला टांगलेला होता. दिवस बुडाला तसा आजा उठला. सपाट दगडाकडं गेला. तिथं सेल तसेच होते, मी उचललेच नव्हते. त्यानं ते ओंजळीत घेतले, रेडिओ खांद्याला अडकवला आणि ओढ्याकडं चालायला लागला. बा म्हणाला, "आवं आबा, सुतक हाय." आजा थांबला नाही. मला एवढंच म्हणाला, "हिरे, तार घे."

मातीच्या ढिगापाशी त्यानं घोंगडं टाकलं. मी बाभळीवर तार फेकली. सेल गालाला लावून बघितले, थोडे कोमट होते, घातले. रेडिओ खरखरला आणि त्या गोऱ्या माणसाचा आवाज आला, आग लागल्यासारखा. आजानं रेडिओचं तोंड मातीकडं फिरवलं. आम्ही दोघं मागं बसलो. मला त्या बोलण्यातला एक शब्द कळत नव्हता. मी आपली मनानं सांगत होते, आता दुपार झाली, आता मागं फेकला, आता पळतोय. आजा मान हलवत होता. मग सेल बसत चालले. माणसाचा आवाज बारीक झाला, मुंगीएवढा. आणि त्याच्यामागून ते गाणं आलं. फार लांबून, पण तेच.

"गात्यात का?" आजानं विचारलं. त्याला कमी ऐकू यायचं.

"गात्यात."

"मग उठलं तांबडं."

"व्हय."

रेडिओ बंद पडला. आजानं मातीवर हात ठेवला, मेंढराच्या पाठीवर ठेवावा तसा, आणि म्हणाला, "आयकलंस न्हवं?" मग तो रडला. मी आजाला रडताना तेव्हाच बघितलं. आई मागं कधी येऊन उभी राहिली होती कोण जाणे. तिनं त्याचा हात धरून त्याला उठवलं.

पुढच्या दसऱ्याला माणसं आली तर आजा म्हणाला, माझी सांगून झाली. काठी त्यानं चुलत पुतण्याला दिली. माझं लग्न झालं, मी सांगलीला आले, अक्षरओळख मला नवऱ्यानं करून दिली आणि त्याचा पश्चात्ताप त्यानं जन्मभर केला, कारण मग मी त्याची वर्तमानपत्रं आधी वाचायला लागले. मेंढरं माझ्या आयुष्यातून गेली. तात्याचा चेंडू मात्र कपाटात आहे. आता तो खरोखरच दबलाय.

नातवाकडं एकदा जाऊन आले. त्यानं टीव्हीवर सामना लावला. तांबडे अंगरखे मी तेव्हा पहिल्यांदा डोळ्यांनी बघितले. मार खात होते बिचारे, चिखलात लोळत होते, आणि मैदानभरची माणसं उभी राहून गात होती. तेच गाणं. मी नातवाला विचारलं, हरताना कशी गातात? तो म्हणाला, "आजी, ती नेहमीच गातात. हरताना तर जास्त." मी चहाचा कप खाली ठेवला.

तेव्हापासून नातू मागं लागलाय. साल सांग, आजी, कुठल्या साली तात्या गेला, त्या शनिवारी कोण जिंकलं ते मी एका मिनिटात मोबाइलवर काढून देतो. मी कपाळावर हात मारते, आठवल्यासारखं करते, आणि सांगते की म्हातारी झाले रं, न्हाई ध्यानात. तो बिचारा हळहळतो. साल मला पक्कं ठाऊक आहे. तिथीसुद्धा ठाऊक आहे, दरवर्षी त्या दिवशी खीर करते. पण ते मी त्याला सांगणार नाही, इथंही लिहिणार नाही. मग तो कंटाळून म्हणतो, बरं, यंदाचं तरी सांग.

"तांबडं," मी म्हणते. "मिठाशिवाय."